मिरगाआधी घरात काय भरून ठेवता? अनुभव लिहा

धागाकर्ती (वर्धा जिल्हा)
मे संपत आला की आमच्याकडे एकच घाई, खाटेवर कुरड्या, सरगुंडे, सुपात वांग्याच्या खुला (वाळवलेल्या फोडी). पण मला वाळवणाच्या रेसिप्या नकोत. पूर आला, रस्ता तुटला, लाइन गेली, अशा वेळी खरंच काय कामात आलं आणि काय नुसतं पडून राहिलं ते सांगा. यूट्यूबवाले सांगतात ते डबाबंद बीन्स वगैरे नको. आमच्याकडे वादळात तारा तुटल्या की दोन-दोन तीन-तीन दिवस लाइन नसते, आणि तेव्हा गव्हाची कोठी भरलेली असून पोळ्या नाहीत, कारण चक्की बंद! सासूबाईंनी जातं काढलं माळ्यावरून, पण दहा मिनिटांत सगळ्यांचे हात भरून आले, शेवटी भरडाच शिजवला. आता पावसाळाभर घरात थोडं पीठ जास्तीचं असतं, फार नाही, कारण दमट हवेत त्याला जाळी लागते.

वैनगंगेकाठचा
ब्रह्मपुरी तालुका. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगा गावात शिरली तेव्हा घरात धानाची ढोली (मोठी कणगी) गच्च भरलेली होती. पण ढोली जागची हलते का राजेहो? खालचा हात-दीड हात धान भिजला, त्याला कोंब फुटले, आणि तो आंबूस वास वरच्या कोरड्या धानातही गेला. आता विकायचा धान ढोलीत, पण खायचे तांदूळ झाकणाच्या ड्रममध्ये माळ्यावर, एका माणसाला उचलता येतील एवढेच. सातबारा, आधार, पासबुक पण त्याच ड्रममध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत. अजून एक, पुरात सगळे माणसांच्या जेवणाचं बोलतात, ढोरांचं कोणी काढत नाही. तणस (धानाचा पेंढा) भिजली की काळी पडते, बुरशी धरते, ती घातली की जनावर आजारी पडलंच समजा. थोडी तणस आणि ढेपेचं एखादं पोतं उंचावर पाहिजेच.

पऱ्हाटी
आमचं यवतमाळकडचं, कोरडवाहू. सिलिंडर संपलं अन् गाडी आली नाही तर? तुराट्या, पऱ्हाट्या (तुरीची, कपाशीची वाळलेली झाडं), गोवऱ्या मिरगाच्या आत छपराखाली. ओल्या झाल्या की नुसता धूर, डोळे जातात. बाकी डाळ-तांदूळ सगळ्यांच्याच घरी असते, त्यात काय सांगायचं.

बदलीवाल्या बाई
मी काही वर्षं भामरागड तालुक्यात शिक्षिका होते. पर्लकोटा नदी पुलावरून वाहायला लागली की इकडचे इकडे, तिकडचे तिकडे. आतल्या गावांना पावसाळ्याचं रेशन आधीच पोचवतात, त्यामुळे तांदूळ असायचे, आणि माडिया आदिवासी घरांत तर वाळवलेली मोहफुलं, वास्ते (बांबूचे कोंब), सुकी मासोळी, म्हणजे माझ्यापेक्षा त्यांचीच तयारी पक्की. संपायचं काय, तर मीठ, काडीपेटी, टॉर्चचे सेल. काडीपेटी तर असूनही नसल्यासारखी, सादळली की पेटतच नाही, म्हणून मी ती तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायचे. बायकांनी पॅड किंवा सुती कापड आधी भरावं, हे कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते.

अकोल्याचा गडी
आमच्या इकडं पूर नाई, आमचं रडगानं उलटंच हाय. खारपाणपट्टा, हीर खंदा का बोर मारा, पानी खारंच. नळ आला तं आला, नाई तं आठ-पंधरा दिवस पत्ता नाई. मंग ड्रम, टाकं, गुंड, जे सापडल ते भरून ठिवा. पन डेंगूचा मच्छर याच चांगल्या पान्यात होते बापा. नुसतं उपसून फायदा नाई, अंडे भांड्याच्या काठाले चिपकून राह्यतात, आठोड्यातून एकदा घासून कोरडं करा लागते. अन् वरून फडकं बांधा.

गहूवाला
गव्हात सल्फासच्या गोळ्या टाका, वर्षभर सोंडा लागत नाही. विषय संपला.

आशाताई
@गहूवाला भाऊ, विषय तिथंच सुरू होतो. त्या गोळीला हवेतला ओलावा लागला की फॉस्फिन गॅस सुटतो, आणि आपल्याकडे कोठी असते कुठं, तर झोपायच्याच खोलीत! खिडक्या बंद, बाहेर पाऊस. घरात ती गोळी नकोच. गहू दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवा, पूर्ण थंड झाल्यावर भरा (गरम भरला की आत घाम सुटतो), मध्ये वाळलेला निंबाचा पाला. तूरडाळीला एरंडेलाचा हात, मुगाला राख. आमच्या आज्यांनी असंच केलं.
दवाईचं पण लिहिते. बीपी-शुगरच्या गोळ्या एक महिना जास्तीच्या, ओआरएस, मेडिक्लोर (पिण्याचं पाणी शुद्ध करायचं औषध). इन्सुलिनवाल्यांनी लाइन गेल्यावर घाबरू नये, चालू असलेली बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, फक्त उन्हात नको, तीसच्या वर तापमान नको. मातीचं मडकं, बाहेरून ओलं फडकं, आत कोरड्या डब्यात बाटली. बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलं की ते फेकायचंच.

किराणा (नाव नको)
सगळं वाचलं. पण आमच्या दुकानात रोज संध्याकाळी येणारे दहा रुपयांचं तेल, पाच रुपयांचं तिखट नेतात. मजुरी आली तर चूल. त्यांना कोणी म्हणावं का महिन्याचं भरून ठेवा? पावसाची झड लागली की काम बंद, आणि माझी उधारीची वही तेव्हाच भरते.

सातऱ्यावरची
किराणावाले भाऊ बरोबर बोलले. मी मिरची सातऱ्यावर (मिरची वाळवून निवडतात त्या जागेवर) देठ तोडायला जाते, भिवापूरकडे. 2025 ला जून, जुलै, ऑगस्टचं रेशन एकदमच दिलं, माणशी महिन्याला 5 किलो, आम्ही पाच जण, म्हणजे 75 किलो. चांगलंच झालं, पण आमचं कवेलूचं घर, तीन ठिकाणी गळते. ठेवायचं कुठं? जाऊबाईंच्या स्लॅबच्या खोलीत पोते ठेवले, लागेल तसे डब्याडब्यानं आणले. आता त्या म्हणतात पुढच्या वर्षी त्यांच्या पोरीचं लग्न आहे, खोली रिकामी पाहिजे. मोठा ड्रम कोणाकडे जुना असेल तर सांगा, पण रंगाचा किंवा फवारणीच्या औषधाचा नको.