'पिंक मून' पहिल्यांदा ऐकलात तेव्हा काय वाटलं?

परवा मुलाच्या हेडफोनमधून निक ड्रेक या इंग्लिश गायक-गिटारवाल्याचा आवाज बारीक येत होता आणि मी हातातलं काम टाकून उभीच राहिले. कॉलेजात मैत्रिणीने त्याचा 'पिंक मून' हा आल्बम कॅसेटवर भरून दिला होता. पहिली बाजू संपल्यावर उलटून लावायचीही इच्छा झाली नव्हती. आधीच्या दोन आल्बममध्ये व्हायोलिनं, ड्रम्स, सगळा लवाजमा. इथे नुसती गिटार आणि आवाज, शीर्षकगीतात पियानोचे चार सूर, २८ मिनिटांत खेळ खल्लास. परवा तोच कोरडेपणा अंगावर आला. तुमचे अनुभव लिहा. आवडला नसेल तरी लिहा, समीक्षा नको.

रिकामटेकडा
गाडीची जाहिरात. १९९९, फोक्सवॅगन. रात्री उघड्या गाडीतून चौघं पार्टीला जातात आणि दारातूनच मागे फिरतात, सोबतीला हेच शीर्षकगीत. गाणं बाटलं म्हणून ओरडणारे ओरडोत, त्याला हयातीत मिळाले नाहीत तेवढे श्रोते त्या एका मिनिटाने दिले.

जुनी रद्दी
समीक्षा नको म्हणालात तरी लिहितोच. १९७२ मध्ये 'मेलडी मेकर' या संगीत साप्ताहिकात मार्क प्लमरने लिहिलं होतं की ऐकत जावं तसा हा ओढून घेतो, पण सतत लपूनही राहतो. पटतं. 'साउंड्स' या दुसऱ्या साप्ताहिकवाल्याने मात्र गूढपणा पुरे, आता नीट काहीतरी जमवा म्हणून कान उपटले, प्रगतिपुस्तकावर शेरा मारावा तसे. राग येतो वाचून. पण दर आठवड्याला टेबलावर रेकॉर्डींचा ढीग, आणि हा ना मुलाखती देणार ना मंचावर येणार. कोण थांबणार त्याच्यासाठी?

कुंपणावरची
मुलगा काय म्हणाला पण?

धागाकर्ती
म्हणे झोप छान लागते :)

स्पष्टवक्ता
मला नाही आवडत. म्हणजे गाणी बरी आहेत, पण लोक आल्बम ऐकतच नाहीत, त्याचा मृत्यू ऐकतात. रेकॉर्डिंग ऑक्टोबर १९७१ चं. तो गेला नोव्हेंबर १९७४ ला, २६ वर्षांचा. मधे तीन वर्षं आहेत! प्रत्येक ओळीत निरोप कशाला शोधायचा?

रातकिडा
+१. 'फ्रॉम द मॉर्निंग' ऐका, शेवटचं. चक्क प्रसन्न गाणं आहे. त्याच्या थडग्यावर त्यातलीच ओळ कोरलीय, म्हणजे घरच्यांनाही तो तसाच आठवत असावा.

सहावी तार
गिटारवालं कुणी आहे का? शीर्षकगीताला सी-जी-सी-एफ-सी-ई, कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) दुसऱ्या पट्टीवर. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये कितीही डोकं आपटा, तो घुमारा येत नाही. पहिली तार आहे तशीच, जाड चार उतरवायच्या आणि दुसरी तेवढी बी वरून सी ला चढवायची. माझी तिथेच तुटली.

रिकामटेकडा
जुनी असणार दादा. अर्ध्या सुराने नाही तुटत. शेवटचा सेट कधी बदललात?

सहावी तार
तो विषय नको.

अबोली
बाबा गेले त्या महिन्यात मी रात्री हाच लावायचे. रडू येतं म्हणून नव्हे, उलट. बाकी सगळे समजूत घालायला यायचे, हा घालत नाही. 'नो' (Know) मध्ये तर शब्दही जवळजवळ नाहीत, चार सुरांची एकच ओळ फिरत राहते आणि मधे त्याचं गुणगुणणं. तेवढंच झेपत होतं तेव्हा. बाकी नंतर लिहिते, लेक उठली.

कुंपणावरची
सावकाश लिही गं. घाई नाही.

जुनी रद्दी
अबोलीताई, अगदी. आणि तो जवळून ऐकू येणारा आवाज म्हणजे ध्वनिमुद्रक जॉन वुडची कमाल. लंडनचा साउंड टेक्निक्स स्टुडिओ, दोन रात्री, आत दोघंच. ड्रेकला वाद्यमेळ नको होता आणि वुडने ते ऐकलं. ध्वनिमुद्रकाने हात आवरणं सोपं नसतं. दुसरा कुणी असता तर 'थोडी व्हायोलिनं घालू या' म्हणालाच असता.

घाईत
मधलं ते 'हॉर्न' काय प्रकरण आहे? दीडेक मिनिट नुसतं टिंग टिंग. मी दरवेळी पुढे ढकलते.

रातकिडा
ढकलू नका हो! त्या रिकाम्या दीड मिनिटामुळेच 'थिंग्ज बिहाइंड द सन' सुरू होताना काळजात चर्र होतं.

घाईत
बरं बाई, आज नाही ढकलत.

स्पष्टवक्ता
जरा विषयांतर. त्याच्या आईची गाणी कुणी ऐकलीत? मॉली ड्रेक. १९५० च्या दशकात घरच्या घरी पियानोवर रेकॉर्ड केलेली. पोराचा तो दबका सूर कुठून आला ते लगेच कळतं. मला मुलापेक्षा आईच जास्त आवडते, मारा आता.

कुंपणावरची
लिंक द्या ना.

स्पष्टवक्ता
यूट्यूबवर नाव टाका, येईल. फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा.

कुंपणावरची
माझ्या हेडफोनचा डावा कान गेलाय. उजव्याने ऐकते.