कीव्हचं मैदान: उठाव की बिस्किटं?

तिरकस_तात्या: कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलं, '२०१४ चं मैदान, म्हणजे कीव्हच्या चौकातलं ते आंदोलन, हा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या नूलँडबाईंनी आंदोलकांना बिस्किटं वाटून घडवलेला सत्तापालट.' वाचून चहा कडू झाला. युक्रेनचा तेव्हाचा अध्यक्ष यानुकोविच, त्याने नोव्हेंबर २०१३ मध्ये युरोपीय संघाशी करार ऐन वेळी टाळला. ३० तारखेच्या पहाटे पोलिसांनी पोरांना झोडपलं, दुसऱ्या दिवशी चौकात माणसांचा पूर. गोठवणाऱ्या थंडीत तीन महिने कोण बिस्किटांसाठी बसतं हो?

आबा_निपाणी: बसू देत. पण यानुकोविच पळाल्यावर दोनच दिवसांत संसदेने काय केलं? रशियनला प्रादेशिक दर्जा देणारा कायदा रद्द! भाषा काढून घेतली की काय होतं ते आम्हा सीमाभागवाल्यांना विचारा. माझ्या वडिलांना स्वतःच्या शेताचा कानडी उतारा शेजाऱ्याकडून वाचून घ्यावा लागायचा.

तिरकस_तात्या: अर्धीच गोष्ट सांगताय. हंगामी अध्यक्ष तुर्चिनोव्हने त्यावर सही केलीच नाही.

आबा_निपाणी: सही नाही, पण बातमी रशियनभाषक क्रिमियात पोचायची ती पोचली ना! आणि २०१९ चा भाषा कायदा? दुकानदाराने गिऱ्हाइकाशी आधी युक्रेनियनच बोलायचं. कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय.

तिरकस_तात्या: म्हणून महाराष्ट्राने निपाणीत रणगाडे घालायचे?

आबा_निपाणी: रणगाडे कोण म्हणालं? मी उतारा म्हणालो.

फुकट_सल्ला: २ मे २०१४, ओदेसा. कामगार संघटनांच्या इमारतीत रशियासमर्थक होरपळून मेले. त्यावर तात्यांची दातखीळ?

तिरकस_तात्या: तो डाग आहेच. बंब जवळच होते, तरी उशिरा आले. झालं समाधान?

खार्किव_रिटर्न: तुमचं चालू द्या. मी खार्किवला एमबीबीएस करत होते. हॉस्टेलच्या दारावरची आजी जन्मभर रशियनच बोलत आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये आम्ही तळघरात, वर धडाधड स्फोट, आणि आजीचा फोन सीमेपलीकडे रशियातल्या बेल्गोरोदच्या सख्ख्या बहिणीला. मध्ये जेमतेम पाऊणशे किलोमीटर. बहीण म्हणे, 'तुमच्यावर कोणी बॉम्ब टाकत नाहीये, टीव्हीवर सांगितलं.' आजीने मोबाइल वर जिन्याकडे धरला, आवाज ऐकवायला. मग बहिणीला आणि पुतीनला ज्या शिव्या घातल्या, त्याही रशियनमध्येच. आबा, तिची भाषा वाचवायला कोण आलं होतं, सांगा.

आबा_निपाणी: पोरी, तुझ्या आजीपुढे गप्प बसतो. तात्यांपुढे नाही. उताऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

तिरकस_तात्या: वेगळा धागा काढा.

आबा_निपाणी: काढला. या तिकडे.