सर्पदंशावर काय, किती द्यायचं हे सांगणारा सरकारी उपचार-तक्ता पाळणं डॉक्टरांवर सक्तीचं असावं का?

सिस्टर मीनल (ग्रामीण रुग्णालय): गेल्या पावसाळ्यात घोणस चावलेला सात वर्षांचा मुलगा आला. पाय टम्म सुजलेला, हिरड्यांतून रक्त. डॉक्टर म्हणाले, "लहान आहे, प्रतिविषाच्या पाच व्हायल (बाटल्या) पुरे." मी तक्ता दाखवला. साप लहान मुलाला कमी विष टोचत नाही, म्हणून प्रतिविष मोठ्यांइतकंच, सुरुवातीला १० व्हायल. "आम्हाला शिकवू नका," एवढंच उत्तर. सहा तासांनीही तपासणीच्या नळीतलं रक्त गोठेना, म्हणजे विषाचा असर उरलेलाच, मग पुढच्या व्हायल चढवल्या. मूल वाचलं. पण त्याच्या आईशेजारी काढलेले ते सहा तास माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. केंद्र सरकारचे सर्पदंशाचे नियम २००९ पासून आहेत. वेगळं काही केलं तर केसपेपरवर कारण लिहिणं सक्तीचं करा.

वैद्यकीय अधिकारी, कोकण: सिस्टर, डोस चुकलाच. सक्तीला मात्र माझा विरोध. काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं, ही चाचणी घोणस-फुरशाला उत्तम. मण्यारीला नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी घेऊन येतो, सूज नाही, दाताची खूण नाही, रक्तही छान गोठतं. नळीवर विसंबलात तर थोड्या वेळानं पापण्या मिटायला लागतात, मग श्वास. आणि विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध कुठून आलं? महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तेव्हाची चौकट मोडली म्हणूनच ना?

सिस्टर मीनल: सर, पापण्या तपासा हेही त्याच तक्त्यात आहे. बावस्कर सरांनी एकेका रुग्णाची नोंद ठेवली, छापली, म्हणून ते औषध इतरांना वापरता आलं. मी नोंदच मागतेय.

औषध भांडार, तालुका: तक्त्यात १०, कपाटात ४. आमच्याकडे असं झालंय. चार देऊन जिल्ह्याला पाठवलं. याचं कारण कोणी लिहायचं, डॉक्टरनी की पुरवठा करणाऱ्यानं?

वैद्यकीय अधिकारी, कोकण: हेच म्हणतोय. लिहिलेलं कारण उद्या नातेवाईक माझ्याविरुद्धच दाखवतील. आणि रात्री एकटा असताना एका हातात श्वास देण्याची अंबू बॅग, दुसऱ्यात प्रतिविषाची रिअॅक्शन आवरणारं अॅड्रेनलिन. लिहू कधी?

सिस्टर मीनल: तुम्ही बोला, सर. वेळ टाकून मी लिहिते. कपाटात चारच होत्या, हेही लिहिते.