मदत हवी आहे: पे-स्टब (पगाराची पावती) नसलेल्या सभासदाला छोटं कर्ज कसं द्यावं? (अमेरिकेतली क्रेडिट युनियन)

मंडळी, क्रेडिट युनियनमध्ये काम केलेलं इथे कुणी आहे का? क्रेडिट युनियन म्हणजे अमेरिकेतली सहकारी पतसंस्था. मी अशाच एका छोट्या फेडरल संस्थेच्या कर्ज समितीवर आहे. काम बिनपगारी, नोकरी आटोपल्यावर संध्याकाळी करायचं.

गेल्या महिन्यात एका सभासद बाईंचा 800 डॉलरचा अर्ज आला. गाडी बंद पडलेली, आणि गाडीशिवाय कामं बंद. त्या तीन घरांची साफसफाई करतात. फायलीत चार वर्षांचा खातेउतारा होता. दर शुक्रवारी नाहीतर शनिवारी जमा: 120, 90, 140, कधी 85. उतारा बघून कुणीही सांगेल की पैसे परत येतील. पण चेकलिस्टवर 'दोन पे-स्टब' समोरचा चौकोन रिकामा. नऊ दिवस फाईल तशीच पडून. शेवटी बाईंनी पे-डे कर्ज (पुढच्या पगारापर्यंतचं महागडं छोटं कर्ज) उचललं. तिथे शंभर डॉलरला दोन आठवड्यांचे 15 डॉलर, म्हणजे वर्षाला 400 टक्क्यांच्या आसपास. आमच्याकडे याच कामासाठी 'पॅल' म्हणजे पे-डे कर्जाला पर्याय असलेलं कर्ज आहे (मी मनातल्या मनात पालच म्हणतो), त्याला व्याज जास्तीत जास्त 28 टक्के.

मी नियमांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. 'ओळखीतला आहे, देऊन टाका' म्हणत कर्जं वाटली की बुडतात ते इतर सभासदांच्या ठेवीतून आलेले पैसे. शिवाय आमचं नेट वर्थ, म्हणजे संस्थेचं स्वतःचं भांडवल, एकूण मालमत्तेच्या 7 टक्क्यांच्या जेमतेम वर आहे. त्याखाली घसरलो तर 'वेल कॅपिटलाइज्ड' (भक्कम भांडवलाची संस्था) राहणार नाही. कम्प्लायन्स (नियम पाळले जातात की नाही ते) बघणारी व्यक्ती एकच, काउंटरही तीच सांभाळते. सरकारी तपासनीस आले की तिचा चेहरा बघवत नाही. म्हणून ती दोन कागद जास्तच मागते, आणि तिला दोष तरी कसा द्यायचा?

प्रश्न एवढाच: पे-स्टबची ही अट खरंच नियमात आहे, की आमच्याच धोरणात कधीतरी कुणीतरी घातली? आणि ती सैल केली तर तपासणीत काय दाखवायचं?

प्रतिसाद 1:
एनसीयूएचा (क्रेडिट युनियनवर देखरेख करणारी सरकारी संस्था) पॅलचा नियम काढून नीट वाचा. बंधनकारक भाग वेगळा आहे: व्याजाची मर्यादा, रोलओव्हर (जुनं कर्ज नव्या कर्जात फिरवणं) नाही, सहा महिन्यांत तीनपेक्षा जास्त कर्जं नाहीत, एका वेळी एकच. दोन पे-स्टबचा उल्लेख पुढच्या मार्गदर्शनाच्या भागात आहे. तिथेच असंही म्हटलंय की जुन्या सभासदाच्या बाबतीत खात्याच्या नोंदी आणि नियमित उत्पन्नाचा पुरावा पुरायला हवा. तुमच्या त्या शुक्रवारच्या जमा म्हणजे दुसरं काय? मात्र हे तोंडी ठरवू नका. संचालक मंडळाकडून धोरणात लिहून घ्या: किती महिन्यांच्या जमा बघायच्या, सरासरीच्या किती पट कर्ज द्यायचं. तपासनीस आधी लेखी धोरण विचारतो, मग तुम्ही ते पाळलंत का ते बघतो.

धागाकर्ता:
आभारी आहे! आत्ताच आमचं धोरण उघडलं. पे-स्टबच्या ओळीपुढे 2011 ची तारीख आहे. 'पॅल दोन' (या कर्जाचा दुसरा प्रकार) 2019 ला आलं, म्हणजे तेव्हाही कुणी ही ओळ उघडून बघितली नाही. सरासरीच्या पटीचा आकडा तुमच्याकडे किती आहे? मंगळवारी बैठक आहे.