क्रूझ जहाजाचा स्टर्न "दिसतो कुणाला?" म्हणणाऱ्यांसाठी

दीपस्तंभ:
परवा इथल्या एका सदस्याने लिहिलं की जहाज मागून कसं दिसतं यावर चर्चा करणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. प्रवासी आत असतो, त्याला स्टर्न, म्हणजे जहाजाचं मागचं टोक, दिसत नाही, सपाट स्टर्नमुळे केबिन जास्त बसतात, विषय संपला. त्याला दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

दिसत कसा नाही? धक्क्यावर जहाज लागलेलं असतं तेव्हा निम्म्या वेळा आधी स्टर्नच समोर येतो. त्यावर जहाजाचं नाव असतं, खाली बंदराचं नाव, त्याखाली दोरखंडांच्या डेकची ती चौकोनी भोकं. निरोप द्यायला आलेल्या माणसाला शेवटपर्यंत दिसते ती हीच बाजू. पुढचं टोक सगळे देखणं करतात, कारण जाहिरातीत तेच छापायचं असतं.

१९३५ ची नॉर्मंडी घ्या. मागचे डेक एकामागून एक उतरत गेलेले आणि खाली गोलाईने मिटणारा हल, म्हणजे जहाजाचं बाहेरचं धड. १९६९ ची क्यूई२, म्हणजे क्वीन एलिझाबेथ २ घ्या. तिच्याही मागच्या बाजूला पायऱ्या-पायऱ्यांचे उघडे डेक होते, त्यांवर पोहण्याचे तलाव होते. जहाज मागे सरत सरत संपायचं. आता पाण्याच्या रेषेपासून थेट वरपर्यंत पंधरा-सोळा मजल्यांची भिंत उभी करतात आणि तिला बाल्कन्यांची जाळी ठोकतात. जहाज संपत नाही, मधेच तोडल्यासारखं दिसतं.

आणि हे टाळता येत नाही म्हणाल, तर २००४ ची क्वीन मेरी २ बघा. स्टीफन पेन यांनी तिला कोस्तांझी स्टर्न दिला. निकोलो कोस्तांझी या इटालियन रचनाकाराच्या नावाने तो ओळखला जातो. त्यात ट्रान्सम, म्हणजे सपाट कापल्यासारखा स्टर्न, आणि जुना गोल स्टर्न यांचा मेळ घातलेला असतो. जहाज आधुनिक, खाली पॉड (प्रोपेलर लावलेले टांगते डबे) लावलेले, तरी मागून बघवतं. मनात असलं की जमतं.

इंजिनरूम:
मी जहाजांवर इंजिन विभागात काम करतो, म्हणून राहवत नाही. लोक सपाट स्टर्नला शिव्या देतात तेव्हा त्याखाली काय लटकतंय हे त्यांनी पाहिलेलंच नसतं.

१९९८ मध्ये कार्निव्हल एलेशनवर क्रूझ जहाजांतले पहिले अ‍ॅझिपॉड आले. मोटर पॉडच्या आत, प्रोपेलर पॉडला, आणि अख्खा पॉड स्वतःभोवती पूर्ण फिरतो. वेगळं सुकाणू लागत नाही, हलच्या आतून जाणारा लांब शाफ्ट लागत नाही. पण एवढं धूड टांगायला वर रुंद आणि सपाट तळ लागतो. निमुळत्या गोल स्टर्नखाली दोन पॉड शेजारी शेजारी टांगून, फिरायला जागा ठेवून दाखवा.

दुसरी गोष्ट, ट्रान्समच्या धारदार कडेपाशी पाणी हलपासून स्वच्छ सुटतं. जहाज आहे त्यापेक्षा लांब असल्यासारखं वागतं, लाटा उठवण्यात वाया जाणारी शक्ती कमी होते, इंधन वाचतं. काही जहाजांना मागून पाण्यालगत फळीसारखा जो भाग नंतर जोडलेला दिसतो, तो डकटेल. तोही याचसाठी, आणि वर वजन वाढलं की मागे जास्त तरंगशक्ती आणि स्थिरता लागते त्यासाठी. शोभेसाठी कुणी पोलाद जोडत नाही.

आणि नॉर्मंडीचं कौतुक करताना हेही सांगा की पहिल्या हंगामात तिच्या मागच्या भागात इतकी थरथर होती की तीन पात्यांचे प्रोपेलर काढून चार पात्यांचे बसवावे लागले. गोलाई सुंदर होती, पण तिथे झोपणाऱ्याला विचारायला हवं होतं.

क्वीन मेरी २ चा दाखला तर देऊच नका. ते अटलांटिकवर नियमित फेऱ्या मारायला बांधलेलं लायनर आहे. तेवढ्याच आकाराच्या क्रूझ जहाजापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त पोलाद लागलंय त्यात. लांबी ३४५ मीटर, प्रवासी साधारण २,६९०. आयकॉन ऑफ द सीज ३६५ मीटर, आणि खोलीत दोन धरले तरी ५,६१०. वीस मीटर जास्त लांबीत दुप्पट माणसं. ती माणसं कुठेतरी ठेवावी लागतात.

निळाई:
इंजिनरूम, झोपणाऱ्याला विचारायचं म्हणालात ना? मग विचारा. तुमच्या याच सपाट स्टर्नच्या वरच्या केबिनमध्ये मी झोपले आहे, खरं तर झोपायचा प्रयत्न केला आहे. मागून लांब लाट यायची, जहाज हळू चालत होतं, आणि दर थोड्या वेळाने पलंगाखाली कुणी घण घातल्यासारखा आवाज. कपाटातले हँगर खणखणायचे, बाथरूमचा दरवाजा कुरकुरायचा. रिसेप्शनवर सांगितलं "नॉर्मल आहे". सकाळी परत गेले, तेच उत्तर. पहाटे तीनला दचकून उठणाऱ्याने नॉर्मल मानायचं!

इंजिनरूम:
त्याला स्टर्न स्लॅमिंग म्हणतात. मागचा सपाट तळ पाण्याच्या अगदी जवळ असतो, लाट खालून येऊन त्यावर आपटते. वेग कमी असला की जास्त जाणवतं. ट्रान्समचा हा तोटा आहे, कुणीही नाकारत नाही. इंधनाचा हिशेब वर्षभराचा असतो, तुमची रात्र एक.

निळाई:
"तुमची रात्र एक"! त्या रात्रीचे पैसे मी मोजले होते. पाण्याच्या आकृत्या तुमच्या, त्रास आमचा. गोल स्टर्नवाल्या जहाजांना मागून येणारी लाट सोसायची हे माहीत होतं म्हणूनच तो गोल होता ना? मग ते शहाणपण जुनाट कसं झालं?

इंजिनरूम:
जुनाट म्हटलंच नाही. अटलांटिकच्या हिवाळ्यात वेळापत्रक पाळायचं असेल तर गोलच हवा. उबदार समुद्रात बेटाबेटांतून रात्री हळू जाणाऱ्या जहाजाला तो परवडत नाही, एवढंच म्हटलं. आवाज चढवला म्हणून भौतिकशास्त्र बदलत नाही.

काठावरची:
भांडू नका हो. सपाट स्टर्न म्हणजे कुरूपच, हे मला पटत नाही. डिस्नी मॅजिक बघा, १९९८ चं जहाज. मागे गूफीचा पुतळा टांगलेला, हातात ब्रश, जहाज रंगवतोय. सोबत सोनेरी नक्षी. लहान मुलं धक्क्यावरून तेच दाखवतात. जुन्या शिडाच्या जहाजांच्या पाठीवर कोरीव काम असायचंच की. पृष्ठभाग सपाट आहे म्हणून त्यावर काही करू नये असं थोडंच आहे? बाकीच्या कंपन्या तिथे नाव लिहून मोकळ्या होतात, हा त्यांचा आळस.

भरतीओहोटी:
नावाचा विषय निघालाच आहे तर नावाखालचं बंदर वाचा, म्हणजे जिथे जहाजाची नोंदणी असते आणि जिथले कायदे त्याला लागतात ते. नासाऊ, वॅलेटा, पनामा. यांतली किती जहाजं त्या बंदरात कधी जाऊन आलीत? दीपस्तंभ यांच्या लाडक्या क्वीन मेरी २ वर आधी साउथहॅम्प्टन होतं, २०११ मध्ये पुसून हॅमिल्टन केलं, म्हणजे बर्म्युडा. ब्रिटिश लायनरचा अभिमान सांगायचा आणि पाठीवर सोयीचं बंदर रंगवायचं. आकारावर एवढं लिहिता, यावर का कुणी बोलत नाही? खलाशांच्या हक्कांचा प्रश्न आहे तो.

दीपस्तंभ:
प्रश्न मोठा आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे येऊन लिहीन. इथे आकारावर बोलू.

इंजिनरूम, पॉडसाठी तळ सपाट लागतो हे मी आधीपासून धरूनच चाललोय. पाण्याखालचं तुम्ही ठरवा. माझा राग पाण्यावरच्या भिंतीवर आहे. दहाव्या, बाराव्या, चौदाव्या डेकखाली कुठला पॉड लटकतो? तिथे डेक एकेक पाऊल आत घेतला तर कुठली तरंगशक्ती कमी होते? उलट वरचं वजन कमी होईल. खालच्या सक्तीची ढाल करून वरची निवड लपवू नका.

निळाई:
हेच! आणि वरची निवड कुणासाठी केली तेही बोला. मागच्या डेकवर कठड्याला टेकून जहाजामागचा पांढरा पट्टा बघत उभं राहणं, यासाठी मी समुद्रावर जाते. मागच्या वेळी संध्याकाळी तिथे गेले तर डेकच्या तोंडाशी मखमली दोर, आणि पलीकडे मांडलेली टेबलं. वरच्या दर्जाच्या खोल्यांसाठी राखीव, असं तिथल्या मुलाने सांगितलं. बिचारा ओशाळला होता, त्याचा काय दोष. दुसऱ्या बाजूने गेले, तिथे पैसे देऊन जेवायचं हॉटेल. अख्ख्या जहाजावर मागे बघायला सामान्य तिकिटाच्या माणसाला जागा नाही. दीपस्तंभ, तुम्ही दुरून दिसण्याचं दुःख करताय. मला आतून दिसेनासं झालंय.

मुशाफिर:
ताई, राग समजतो, पण ज्याने चौपट भाडं भरलं त्याला काहीतरी वेगळं मिळणारच. आम्ही आई-वडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला अशी खोली घेतली होती. वडिलांना गर्दीत उभं राहवत नाही. त्या राखीव डेकवर खुर्ची टाकून ते तासन् तास बसले. आम्ही कुणाचं हिसकावलं नाही, पैसे भरले.

निळाई:
तुमच्या वडिलांना खुर्ची मिळाली याचा मला आनंदच आहे. माझे वडील माझ्याबरोबर होते. त्यांनाही गुडघे आहेत.

मुशाफिर:
हे बोलणं वैयक्तिक झालं. मी तुमच्या वडिलांबद्दल काही म्हटलं नव्हतं.

निळाई:
वैयक्तिकच आहे. जहाजाचा मागचा कठडा ही एकच जागा होती जिथे कुठल्या डेकवरची खोली आहे हे कुणी विचारत नसे.

भरतीओहोटी:
असं कधीच नव्हतं. जुन्या लायनरवर तर वर्गवारीच होती. थर्ड क्लासचे डेक बहुतेकदा मागेच असायचे, कारण थरथर तिथे आणि धुराची काजळीही तिथे. चांगली जागा वरच्यांनी तेव्हाही घेतली होती, फक्त तेव्हा मागची जागा वाईट होती. पॉड आले, थरथर कमी झाली, मागची जागा चांगली झाली, तशी तीही गेली.

इंजिनरूम:
हा मुद्दा बरोबर आहे. पॉडमुळे मागच्या केबिन राहण्याजोग्या झाल्या, म्हणून त्यांना भाव आला. नॉर्वेजियन प्रिमा, २०२२, तिचा हेवन हा महागडा विभाग मुद्दाम मागे ठेवलाय, तलावातून थेट मागचं पाणी दिसतं. पण सगळेच तसे नाहीत. आयकॉनवर मागच्या टोकाला हाइडअवे आहे, समुद्रापासून ४० मीटरच्या आसपास उंचीवर लटकता तलाव, कुठल्याही प्रौढ प्रवाशाला खुला. ओअ‍ॅसिस वर्गाच्या जहाजांवर, २००९ पासून, बोर्डवॉक हा मधला रस्ता मागे उघडा आहे आणि टोकाला अ‍ॅक्वाथिएटर, म्हणजे पाण्यातल्या खेळांचं उघडं नाट्यगृह. निळाईताईंनी पुढच्या वेळी बुकिंगआधी डेकचा नकाशा बघावा.

निळाई:
अ‍ॅक्वाथिएटर म्हणजे प्रेक्षकांच्या रांगा, मोठमोठे पडदे आणि गाणी. मला कठडा हवाय. पण हाइडअवे सगळ्यांना खुला आहे हे मला माहीत नव्हतं. तेवढं मान्य, त्याहून जास्त नाही.

मुशाफिर:
मूळ विषयावर एक. मागच्या बाजूला वेगळं काही करा म्हणणाऱ्यांनी १९९८ ची ग्रँड प्रिन्सेस आठवावी. स्टर्नच्या वर आडवा दांडा टाकल्यासारखा नाइटक्लब होता, स्कायवॉकर्स. मागून बघितलं की तोच दिसायचा. किती नावं ठेवली लोकांनी! २०११ मध्ये काढून टाकला. कंपनीने धाडस करायचं, तुम्ही हसायचं, मग सपाट भिंत बांधली की रडायचं.

दीपस्तंभ:
तो दांडा म्हणजे रचना नव्हती, वर ठेवलेलं ओझं होतं. मी मागतोय ते उलट आहे: वरचं कमी करा, आत घ्या.

इंजिनरूम:
आत घ्या म्हणजे प्रत्येक डेकच्या मागच्या केबिन गमावा. कोपऱ्यातल्या, दोन बाजूंना बाल्कनी असलेल्या केबिन त्यातच येतात. शिपयार्डला आकार जमत नाही असं नाही, मालकाला ते भाडं सोडवत नाही. पाण्यावरचा भाग हा निवडीचा आहे, हे लिहून देतो, घ्या. पण मग शिव्या रचनाकाराला देऊ नका.

दीपस्तंभ:
रचनाकाराला मी कुठे दिल्या? आणि भाड्याचं गणित तरी खरं आहे का? २०२२ ची एमएससी वर्ल्ड युरोपा घ्या. मागचा भाग इंग्रजी वाय अक्षरासारखा दोन फाट्यांत उघडलाय, मधून १०४ मीटरचा उघडा रस्ता थेट समुद्राकडे जातो. एवढी पोकळी सोडली, तरी कंपनी चालतेच आहे.

इंजिनरूम:
पोकळी फुकट सोडलेली नाही. दोन्ही फाट्यांच्या आतल्या भिंतींना बाल्कन्या लागल्या. ज्या केबिन आत अंधारात गेल्या असत्या त्यांना उघडी हवा मिळाली आणि वरचं भाडं मिळालं. ओअ‍ॅसिसचंही तेच.

दीपस्तंभ:
मग उघडा स्टर्न विकताही येतो. "जास्त केबिन बसतात, विषय संपला" असं लिहिणाऱ्या सदस्याने आता इथे येऊन बोलावं.

काठावरची:
ते येणार नाहीत, त्यांनी परवाच नोटिफिकेशन बंद केल्याचं लिहिलंय.

निळाई:
वर्ल्ड युरोपावर कुणी गेलं असेल तर मला एवढंच सांगा: तो १०४ मीटरचा रस्ता मागच्या कठड्यापर्यंत सगळ्यांना रात्रीही खुला असतो का, की शेवटच्या दहा मीटरवर टेबलं मांडलीत?