घडी, फुगवटा आणि चव्वेचाळीस खिसे: जपानी फॅशनमधला खेळ नक्की कोणासाठी?

निळीशाई

गेल्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं, 'जपानी डिझायनर म्हणजे अंगाला उशा बांधणारे लोक. हे कपडे नव्हेत, हा तमाशा आहे.' मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

माझं म्हणणं असं की तिथल्या चांगल्या डिझायनरांचा खेळकरपणा कपडा बनवण्याच्या रीतीतच मुरलेला असतो. इस्सेई मियाके यांचंच घ्या (जन्म हिरोशिमातला, १९३८; गेले २०२२ मध्ये). एरवी आधी कापडाला चुण्या पाडतात आणि मग ते शिवतात. यांनी क्रमच उलटा केला. कपडा अडीच-तीन पट मोठा बेतायचा, शिवून पुरा करायचा, आणि मग तो अवाढव्य झगा कागदाच्या दोन थरांमध्ये घालून तापलेल्या दाबयंत्रातून काढायचा. बाहेर येतो तो माणसाच्या मापाचा, चुण्या कायमच्या बसलेला कपडा. धुवा, पिळा, गुंडाळी करून बॅगेत कोंबा, इस्त्रीची गरज नाही. आधी तो नर्तकांनी वापरून पाहिला: १९९१ मध्ये विल्यम फोर्सिथ यांच्या फ्रँकफर्ट बॅलेसाठी मियाके यांनी असे पोशाख केले होते. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये नुकत्याच स्वतंत्र झालेल्या लिथुआनियाचा संघ त्यांनीच केलेल्या चुण्यांच्या गणवेशात मैदानात उतरला. 'प्लीट्स प्लीज' हा ब्रँड आला १९९३ मध्ये, म्हणजे या सगळ्यानंतर.

किंवा ती त्रिकोणी तुकड्यांची 'बाओ बाओ' बॅग. जाळीदार कापडावर प्लास्टिकचे कडक त्रिकोण बसवलेले आणि मधल्या फटी मोकळ्या. आत पुस्तक ठेवलं की एक आकार, संत्री ठेवली की दुसरा. २००० साली ती आली तेव्हा नाव होतं 'बिलबाओ', स्पेनमधल्या त्या शहरातल्या फ्रँक गेरींच्या गुगेनहाइम संग्रहालयावरून. बॅगेचा शेवटचा आकार ठरवतो तो तिच्यात सामान भरणारा माणूस. मला यातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं. डिझायनर अर्ध्यावर थांबतो आणि उरलेला खेळ आपल्या हातात देतो.

तिसरं उदाहरण फारसं कोणाला ठाऊक नसतं. मियाके यांच्याच स्टुडिओत तयार झालेल्या कोसुके त्सुमुरा यांनी १९९४ मध्ये 'फायनल होम' नावाचा कोट केला. पातळ नायलॉन आणि तब्बल ४४ खिसे. घर गेलं तर अंगावरचा कपडा काय कामाला येईल, हा त्यामागचा प्रश्न. खिशांत वर्तमानपत्रं कोंबली की थंडी अडते. अन्न ठेवा, औषधं ठेवा. आणि कोणी त्यात कापसाची खेळणी भरून हिंडलं, तरी कोट तोच. याला तमाशा कसं म्हणायचं?

सडेतोड

उशांबद्दल लिहिणारा मीच. मतावर ठाम आहे.

तुम्ही निवडून सोयीची उदाहरणं दिलीत. आता गैरसोयीची घेऊ. रेई कावाकुबो, त्यांचा ब्रँड कॉम दे गार्सों, १९९७ च्या वसंत ऋतूसाठीचा संग्रह: चौकड्यांच्या घट्ट कपड्यांच्या आत पाठीवर, पोटावर, कमरेवर भरलेले फुगवटे. कित्येक नियतकालिकांनी त्या गाद्या काढून मग फोटो छापले. म्हणजे खुद्द फॅशनच्या जगालाही ते पचलं नाही.

दुसरं, पैसे. 'प्लीट्स प्लीज'चा साधासा टॉप टोकियोतही महागच. खेळ सगळ्यांसाठी असेल तर तिकीट एवढं का? आणि 'बाओ बाओ'च्या नकला जगभरच्या बाजारांत ढिगाने पडल्यात. सामान्य माणसाच्या वाट्याला आली ती नक्कलच.

तिसरं, हे सगळं प्लास्टिक आहे. पॉलिएस्टर, पीव्हीसी, नायलॉन. आपण इथे हातमागासाठी गळा काढायचा आणि तिकडच्या पॉलिएस्टरला टाळ्या वाजवायच्या, हे मला जमत नाही.

कापडचोपड

इचलकरंजीत कापडाच्या धंद्यात आहे, म्हणून पॉलिएस्टरबद्दल बोलतो.

सडेतोडदादा, पॉलिएस्टर इथे स्वस्ताई म्हणून घेतलेलं नाही. सुती कापडाला इस्त्रीने पाडलेली घडी पाण्याने मोडते, कारण तंतूमधले बंध ओले झाले की सुटतात आणि वाळताना नव्याने कसेही जुळतात. पॉलिएस्टरचं वेगळं. त्याला साधारण १८० अंश सेल्सिअसच्या आसपास ताप दिला की तंतूची आतली रचना हलते, आणि थंड होताना ज्या आकारात धराल त्या आकारात बसते. मग धुण्याच्या गरम पाण्यालाही ती दाद देत नाही. हीट सेटिंग आमच्याकडेही रोज होतं, पण आम्ही ते कापड सपाट राहावं म्हणून करतो. त्याच गुणाचा उपयोग सुरकुती कायम ठेवायला करावा, आणि तोही शिवून झालेल्या अख्ख्या कपड्यावर, हे डोकं ज्याचं चाललं त्याला मी नमस्कार करतो. शिवण, कॉलर, बाही, प्रत्येक जागी थरांची जाडी वेगळी. ताप सगळीकडे सारखा पोचला नाही तर माल फुकट. अडीच पट मोठ्या कपड्याचं माप आकसल्यावर बरोबर उतरेल असा बेत काढणं हेही पोरखेळाचं काम नाही.

धुताना त्यातून सूक्ष्म तंतू पाण्यात जातात, म्हणून प्लास्टिकबद्दलची तुमची तक्रार मात्र खरी आहे. ती कोणाला टाळता येणार नाही. मियाके यांच्या चमूने २०१० मध्ये '१३२ ५.' नावाची मालिका काढली, जमिनीवर ठेवली तर सपाट भौमितिक आकृती आणि उचलली की ड्रेस. तिच्यासाठी तेइजिन कंपनीचं पुनर्वापरातलं पॉलिएस्टर घेतलं होतं. म्हणजे प्रश्न त्यांच्याही डोक्यात होता. पण पुनर्वापरातलं असलं तरी ते पॉलिएस्टरच, तंतू त्यातूनही सुटतातच.

निशिकासाईकर

मी टोकियोत राहते. इथल्या लोकलमध्ये आणि नाट्यगृहांत चुण्यांचे कपडे घातलेल्या बायका दिसतात त्या बहुतेक साठीच्या पुढच्या. एकच टॉप वर्षानुवर्षं वापरतात. कापड ताणलं जातं, त्यामुळे वजन कमी-जास्त झालं तरी चालतो, हात वर न जाणाऱ्या बाईलाही चढवता येतो. त्यामुळे हा नुसता श्रीमंतांचा तमाशा आहे, हे मला मान्य नाही.

पण निळीशाईताई, तुमच्या धाग्यात एक मोठी गोष्ट सुटली आहे. जपानी फॅशनमधला खरा खेळ पॅरिसला जाणाऱ्या स्टुडिओंनी केलेला नाही. तो केला इथल्या हाराजुकू भागातल्या रस्त्यावरच्या पोरापोरींनी, आणि तोही खिशात फारसे पैसे नसताना. रविवारी रस्ता गाड्यांना बंद असायचा आणि ही मुलं तिथे जमायची. आजीचा किमोनो, शाळेचा गणवेश, दहा ठिकाणची चिल्लर दागिन्यांची जोडाजोड. शोइची आओकी यांनी १९९७ मध्ये 'फ्रूट्स' मासिक काढलं ते याच मुलांचे फोटो छापायला. 'डेकोरा' म्हणवणाऱ्या मुली केसांत इतक्या क्लिपा लावायच्या की केस दिसू नयेत. सेबास्तियन मासुदा यांचं 'सिक्स परसेंट डोकीडोकी' हे दुकान १९९५ पासूनचं, ते त्यांचं माहेरघर.

१९९८ मध्ये रविवारी रस्ता असा मोकळा ठेवणं बंद झालं. २०१७ मध्ये 'फ्रूट्स'ही थांबलं, फोटो काढावेत अशी मुलं आता सापडत नाहीत असं आओकींनीच सांगितलं. ज्या खेळाला कोणी मालक नव्हता तो जागेअभावी गेला, आणि ज्याला कंपनी होती तो टिकला. याबद्दल बोलायला हवं.

सडेतोड

निशिकासाईकरांना पूर्ण अनुमोदन. माझं दुखणं नेमकं हेच आहे. खेळ म्हणायचा तर तो विकता येता कामा नये. केंजी कावाकामी यांचं 'चिंदोगु' आठवा, म्हणजे विचित्र, जवळजवळ निरुपयोगी शोध: टायला जोडलेली छत्री, मांजराच्या पायात घालायच्या फरशी पुसणाऱ्या सपाता. त्यांच्या नियमांतच आहे की वस्तू खरोखर बनवलेली असली पाहिजे, पण ती विकायची नाही आणि तिचं पेटंट घ्यायचं नाही. हा माणूस प्रामाणिक.

मंजिरी०७

सडेतोड, तुम्ही कावाकुबोंच्या ज्या संग्रहाची उशा म्हणून बोळवण केलीत, त्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे.

बाईचं अंग कुठे भरलेलं असावं आणि कुठे नसावं, हे कपडे शतकानुशतकं ठरवत आले. युरोपात कंबर आवळली, मागे झग्याखाली 'बसल' नावाचा फुगीर आधार लावून नितंब फुगवले, आणि त्याला सौंदर्य म्हटलं. कावाकुबोंनी तीच भरती जागा बदलून वापरली, खांद्यामागे, बरगडीवर, एका बाजूच्या कमरेवर. एवढ्यानेच लोक अस्वस्थ झाले. ज्यांनी गाद्या काढून फोटो छापले त्यांनी कपड्याचा विचारच काढून टाकला आणि उरलेला चौकड्यांचा फ्रॉक छापला. त्याच वर्षी अमेरिकी नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांनी 'सिनारिओ' या नृत्यासाठी हेच फुगवटे घेतले. नर्तक वळले की शरीराची बाह्यरेषाच बदलायची, तोल नव्याने शोधावा लागायचा. ज्या मुलीला आरशात फक्त स्वतःचं पोट दिसतं, तिला असे कपडे पाहून काय वाटेल याचा विचार करा. माझ्यासारख्या कित्येकींना त्यातून धीर मिळाला आहे. रोज घालायचे नसले तरी ते असणं गरजेचं आहे.

कावाकुबोंनी फॅशनचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही, हेही नोंदवते.

गावठीबटण

सगळे स्टुडिओ आणि रस्ता यांत अडकलेत. मला दागिन्यांकडे, लहान वस्तूंकडे वळायचंय. किमोनोला खिसा नसतो. म्हणून एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) पुरुष कमरपट्ट्याला डबी लटकवत आणि दोरीच्या वरच्या टोकाला 'नेत्सुके' नावाचं कोरीव बटण अडकवत. शेपटीशी खेळणारा उंदीर, झोपलेला कोल्हा, आंबट चेहऱ्याचा म्हातारा, सगळं तळहातात मावेल एवढं. यात कारागिरावर बंधनं किती: दोरीसाठी भोकं हवीत, आणि कोपरा कुठेही टोकदार राहिलेला चालणार नाही, नाहीतर रेशीम फाटायचं. म्हणून प्राणी अंग चोरून बसलेले असतात.

मोबाइलला लोंबणारी बाहुली, नाण्याच्या यंत्रातून पडणारी गाशापोन खेळणी, बॅगेला टांगलेली खाद्यपदार्थाची छोटी प्रतिकृती, ही सगळी मला त्याच कुळातली वाटतात. २०१२ मध्ये कितान क्लबने पेल्याच्या काठावर बसणारी 'फुचिको' काढली. गाशापोन यंत्रातून, थोड्या येनात. लोकांनी ती कुठे कुठे बसवून फोटो काढले! सडेतोड, हा विकाऊ खेळच आहे, आणि स्वस्तही आहे. याला काय म्हणाल?

सडेतोड

फुचिकोला माझा विरोध नाही. पेला ज्याचा, खेळ त्याचा.

विरोध आहे तो कॅटवॉकपुरत्या जादूला. कुनिहिको मोरिनागांचा 'अन्रिअलेज' हा ब्रँड पाहा. मार्च २०२३ मध्ये पॅरिसमध्ये पांढऱ्या कपड्यांवर अतिनील दिवे फिरवले आणि कपडे रंगीत झाले. दिवा गेला, रंग गेला. टाळ्या पडल्या. घरी नेऊन काय करायचं त्याचं?

कापडचोपड

घरी नेऊन उन्हात जायचं, एवढंच. त्या रंगातले रेणू अतिनील किरण लागले की आपली मांडणी बदलतात आणि सावलीत पुन्हा पूर्वीसारखे होतात. उन्हात काळा होणारा चष्मा आपल्यातले बरेच जण वापरतात, त्यातही हाच गुण असतो. कापडावर तो टिकवणं अवघड आहे, कारण असे रंग वापराने आणि धुण्याने मंदावतात. मोरिनागांच्या कपड्यांना किती धुणी सोसतात हे महत्त्वाचं, आणि तो प्रश्न कॅटवॉकवर सुटत नाही. एवढ्यापुरता मी तुमच्या बाजूने.

पण खेळ वाटणारी गोष्ट पुढे कामाची कशी होते याचं उलट उदाहरणही जपानमध्येच आहे. जाकिटाला दोन पंखे लावून अंगावरून वारा खेळवायचा, ही कल्पना ऐकायला कोणालाही चिंदोगुच वाटेल. सोनीत काम केलेले हिरोशी इचिगाया यांनी २००४ मध्ये त्याची कंपनी काढली. आज जपानच्या बांधकामांवर उन्हाळ्यात कामगार ती फुगलेली जाकिटं घालून उभे असतात. घाम वाळतो म्हणून अंग थंड राहतं. आमच्या मागांच्या शेडमध्ये मे महिन्यात उभं राहून बघा, मग सांगा मला ते नको म्हणून. हवा दमट असेल तिथे गुण कमी येईल, हेही सांगून ठेवतो.

निळीशाई

निशिकासाईकर, हाराजुकूचा मुद्दा मोठा आहे आणि माझ्या म्हणण्याच्या आड येत नाही असं मला वाटतं. मुलं आजीचा किमोनो फाडून-जोडून घालू शकली, कारण किमोनो मुळात तसाच घडवलेला असतो. साधारण छत्तीस-अडतीस सेंटिमीटर रुंदीच्या लांब पट्टीचे सरळ तुकडे, वक्र कात्री कुठेच नाही, उसवून धुवायचा आणि पुन्हा शिवायचा. आपली नऊवारी बिनशिवलेली असून बायका तीत शेतात राबल्या, घोड्यावर बसल्या, तसंच काहीसं हे: कापड कमीत कमी दुखवायचं आणि बाकीचं घालणारीवर सोडायचं. मियाके आणि दाइ फुजिवारा यांनी पुढे 'ए-पॉक'मध्ये यंत्राला हेच शिकवलं. कापडाची विणलेली नळी, तिच्यातच कपड्याच्या रेषा, आणि बाही कुठवर ठेवायची ते तुम्ही घरी कात्रीने ठरवायचं, धागा उसवत नाही. सडेतोड, तिकीट महाग आहे हे कबूल. पण 'ए-पॉक' काय किंवा त्सुमुरांचा कोट काय, त्यांतली कल्पना उचलायला तिकीट लागत नाही. ४४ खिसे कोणताही शिंपी शिवेल.

सडेतोड

कोणताही शिंपी शिवेल, पण मग त्सुमुरांचं श्रेय काय उरलं? आणि तुमच्या त्या कोटाचं पुढे काय झालं, म्हणजे ज्यांचं घर खरंच गेलं त्यांच्यापर्यंत तो पोचला का, हे सांगितलंत तर मी पुढे बोलेन.

निळीशाई

श्रेय प्रश्न विचारण्याचं. आणि कोट नको झाला तर कंपनीकडे परत द्या, आम्ही तो संस्थांमार्फत गरजूंना पोचवू, ही सोय त्यांनी विक्रीतच ठेवली होती. म्हणजे दुकानातला गिऱ्हाईक आणि घर गेलेला माणूस, दोघांसाठी कोट एकच, तेवढ्याच खिशांचा. आता बोला.