तुम्ही त्या गावाला नेमकं कशासाठी गेलात?

काल माळा आवरायला माणूस आला होता. त्याने जुना मर्फी रेडिओ खाली काढला आणि मला एकदम झुमरी तलैया आठवलं.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या वाड्यात दुपारभर विविधभारती चालू असायची. गाण्यांची फर्माइश करणाऱ्यांच्या यादीत कुठूनतरी झुमरी तलैया यायचंच. आई गहू निवडता निवडता म्हणायची, "या गावातली माणसं दुसरं काही करतात की नाही गं?" हे गाव बघायचं, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. लग्न ठरताना ह्यांनाही सांगून ठेवलं होतं.

मुलं मार्गी लागल्यावर गेलो. झारखंडमध्ये आहे, उतरायचं कोडरमा स्टेशनला. अभ्रकाच्या खाणींवर मोठं झालेलं गाव. बराकर नदीवर १९५३ साली पूर्ण झालेलं तिलैया धरण आहे, टेकड्यांमधून पाणी लांबवर पसरलेलं. आणि तिथला कलाकंद! रवाळ, बेताचा गोड. चहावाल्या आजोबांना म्हटलं, रेडिओवर नाव ऐकून पुण्याहून आलोय. त्यांनी आतून खुर्च्या आणवल्या. फर्माइशी पाठवण्यात गावात कशी चढाओढ लागायची ते सांगत बसले, चहाचे पैसे घेतलेच नाहीत. इतका मान मला दुसऱ्या कुठल्याच प्रवासात मिळालेला नाही.

तुम्हीही लिहा. देवदर्शन, लग्नकार्य, ऑफिसचं काम ही कारणं चालणार नाहीत हं.

पर्वतीपायथा
झुमरी तलैया खरंच आहे??? मला वाटायचं निवेदकच गंमत म्हणून घेतात ते नाव.

घोरपडीकर
झेलम एक्सप्रेस, पुण्याहून जम्मूला जाणारी. आमचं घर घोरपडीच्या रेल्वे गेटजवळ. संध्याकाळी झेलम गेली की आई दिवा लावायची, घड्याळ बघायची नाही. डब्यांच्या दारात ट्रंका घेतलेले जवान, आम्ही हात हलवायचो, तेही हलवायचे. गाडीचं नाव जिच्यावरून पडलं ती नदी बघायची होती, बाकी काश्मीरचं काहीच डोक्यात नव्हतं. रिटायर झाल्यावर धाकट्या बहिणीला घेतलं आणि त्याच गाडीने निघालो. दौंड, नगर, मनमाड करत वर. गेटवरून जाताना दोघींनी खिडकीतून आमच्या गल्लीला हात केला. श्रीनगरला झिरो ब्रिजवर उभ्या राहिलो तेव्हा बहीण रडायला लागली. आई असती तर, एवढंच म्हणाली.
कुकर झालाय, बाकीचं रात्री लिहिते.

कलाकंदप्रेमी
घोरपडीकर ताई, डोळ्यांत पाणी आणलंत.
बाकी कलाकंद पुण्यापर्यंत टिकतो का हो? आणला होतात का?

धागाकर्ती
@कलाकंदप्रेमी नाही टिकत. आणायला घेतला होता, गाडीतच संपला.

बाजीराव रोड
आमचा जन्म बाजीराव रस्त्यावरचा, पत्ता लिहिताना रोज ते नाव. एकदा लेकीने विचारलं, बाजीराव गेले कुठे? शनिवारवाड्यात, असं मीच सांगणार होतो, तेवढ्यात माझ्या वडिलांनी तिला रावेरखेडी सांगितलं. मग तिघंही गेलो. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी, सनावदच्या बाजूने आत जावं लागतं. २८ एप्रिल १७४० ला थोरले बाजीराव तिथेच गेले. समाधी साधी, दगडी, आजूबाजूला शेतं. महेश्वरला एवढे पुणेकर जातात, साड्या घेतात, पण तिथून पुढे ही वाट फार थोडे करतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. जा हो. लेकीने घरून पाण्याच्या बाटलीत मुळामुठेचं पाणी नेलं होतं, वडिलांनी ते नर्मदेत सोडू दिलं नाही :) बरोबरच केलं त्यांनी!

रोज टिळक रोड
वरच्यांचं वाचून लिहितो. मी म्यानमारमधल्या मंडालेला गेलो, कारण टिळक रोडवरच्या अभ्यासिकेत माझी जागा टिळकांच्या फोटोखाली होती. १९०८ ते १९१४ ते त्या तुरुंगात, गीतारहस्य तिथेच पेन्सिलीने लिहिलं. परीक्षा पास झालो तर तिथे जाऊन नमस्कार करायचा असं बोललो होतो. तो तुरुंग किल्ल्यात होता. किल्ल्याभोवती रुंद खंदक, आतला बराच भाग लष्कराकडे, सगळीकडे सोडत नाहीत. खंदकाच्या कडेनेच चाललो. ऊन असं की पाय ठेववेना. या उन्हात माणूस गीतेवर ग्रंथ लिहितो.

स्टँपवाला
भूतान. बाबांच्या तिकिटांच्या अल्बममध्ये एक जागा मोकळी होती, खाली पेन्सिलीने लिहिलेलं: बोलकं तिकीट. भूतानने १९७२ मध्ये छोट्या रेकॉर्डच्या रूपात पोस्टाची तिकिटं काढली होती, ग्रामोफोनवर खरंच वाजायची. बाबांना ते कधी मिळालं नाही. थिंफूच्या पोस्टात आपला फोटो लावलेलं तिकीट करून देतात, मी बाबांच्या फोटोचं करून घेतलं. त्या मोकळ्या जागी आता तेच आहे.

पर्वतीपायथा
@स्टँपवाला वा. दुसरं काही सुचत नाही लिहायला.

रेनकोट
चेरापुंजी! भूगोलाच्या पेपरात हमखास गुण देणारं. १८६० ऑगस्ट ते १८६१ जुलै, २६,४६१ मिलीमीटर पाऊस. पुण्यात वर्षभरात ७०० च्या आसपास पडतो तर आपण सिंहगड रोडला गुडघाभर पाण्यात. तिथला पाऊस अंगावर घ्यायचा होता म्हणून ऐन जुलैत गेले. हॉटेलवाल्या काकूंनी बांबूचं नुप दिलं, पाठीवर पालथं घालायचं, दोन्ही हात मोकळे. तिथल्या बायका ते घालून शेतात वाकून काम करतात. छत्रीपेक्षा शंभरपट चांगलं.

सोसायटी_सेक्रेटरी
रेनकोट, धाग्याचा विषय सोडून मध्येच विचारतोय, पण आईला घेऊन जानेवारीत तिकडे जायचंय. गुडघे दुखतात. पायऱ्या किती?

तिळगूळ
आमच्या बाबांना पानिपत बघायचंय. कारण काय, तर आजी संक्रांतीला काळी साडी नेसायची नाही, म्हणायची या दिवशी आपली माणसं गेली. १४ जानेवारी १७६१. बाबा ८० चे, मी टाळतेय थंडीमुळे.

बाजीराव रोड
@तिळगूळ टाळू नका. दिल्लीहून जवळ आहे, गाडीने सकाळी निघून संध्याकाळी परत. लढाईच्या जागी, काला आंब इथे, स्मारक आहे. १४ जानेवारीला तिथे हरियाणातल्या रोड समाजाची माणसं जमतात, ते स्वतःला त्या लढाईतल्या मराठ्यांचे वंशज मानतात. गर्दी झेपणार नसेल तर फेब्रुवारीच्या शेवटी न्या. पण न्याच.

तिळगूळ
आत्ताच विचारलं. बाबा बॅग शोधायला उठलेत.

रेनकोट
@सोसायटी_सेक्रेटरी नोंग्रियाटचा झाडांच्या जिवंत मुळांचा दुमजली पूल आईंना नको, तीन हजारांच्या वर पायऱ्या आहेत. रिवाईचा पूल त्यामानाने सोपा, तोही हळूहळू. नोहकालिकाई धबधबा गाडी थांबते तिथून दिसतो, पण जानेवारीत धार बारीक. स्वेटर दोन घ्या, आणि खोली तळमजल्यावरची मागा, आधीच फोन करून.